आयरिस : रानटी जातींची शैलोद्यानातील लागवड

आयरिस : (कुल–इरिडेसी). केसराच्या कुलातील बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणाऱ्या) ओषधीय वनस्पतींची प्रजाती. हिच्या सु. ३०० जाती असून त्या सर्व उत्तर गोलार्धात, मुख्यत्वे समशीतोष्ण प्रदेशांत, आढळतात. ग्रीक पुराणकथांतील इंद्रधनुष्याच्या देवतेवरून हे नाव पडले असून फुलांतील रंगांची विविधता पाहता ते सार्थ आहे. यूरोप-अमेरिकेतील बागांत सर्वत्र दिसणारी उंच, मोठ्या फुलांची आयरिसे संकरज आहेत व त्यांची लागवड फारशी अवघड नाही. तुर्कस्तान, कॉकेशस, सिरिया, इराण व मध्य आशिया येथील कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या लहान रानटी जातींची गोष्ट मात्र वेगळी आहे. शतकानुशतके यूरोपात त्यांचे कंद आणले गेले. पहिल्या वसंतात ते फुलले आणि पुढील एकदोन वर्षांत बहुतेक कुजून गेले. अशा जाती टिकविण्यासाठी शैलोद्यान (दगड व खडी यांच्या रचनेत डोंगरी वनस्पती लावण्याची बाग) आणि काचेच्या झाकणांचा उंच वाफा ही दोन साधने विकसित झाली. दुसऱ्या साधनास इंग्रजीत ‘बल्ब फ्रेम’ म्हणतात. पुढे त्यास काचवाफा म्हटले आहे.

मूळ प्रदेश व ऋतुचक्र : या वनस्पती नाजूक म्हणून ओळखल्या जातात, परंतु त्यांचा नाजूकपणा थंडीच्या बाबतीत नाही. अ‍ॅनातोलियाच्या किंवा इराणच्या पठारावर हिवाळ्यात तपमान गोठणबिंदूच्या बरेच खाली जाते आणि कंद बर्फाखाली सुरक्षित राहतात. तेथील वर्षाचा क्रम असा : शरद ऋतूत पहिला पाऊस पडतो व जमिनीखाली मुळे फुटू लागतात, हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते, वसंतात बर्फ वितळून भरपूर पाणी मिळते व काही आठवड्यांत पाने, फुले आणि बी असा सर्व कार्यक्रम उरकतो, जूनपासून पाने वाळतात व पुढील तीनचार महिने पावसाचा थेंबही पडत नाही. या शुष्क काळात तापलेल्या जमिनीत कंद पक्व होतो आणि पुढील वर्षाची फुलाची कळी त्यात आकार घेते. इंग्लंड, हॉलंड यांसारख्या देशांत उन्हाळाही दमट असतो. तेथील पावसाचे मान एकंदरीत फार नाही, पण तो बारा महिने थोडाथोडा पडतो. सुप्तावस्थेतील कंदाला मुळे नसल्यामुळे भोवतीच्या ओलाव्याचा त्याला उपयोग होत नाही. उलट कवकांना (बुरशीसारख्या वनस्पतींना) तो उपकारक ठरतो. दमट व सौम्य हिवाळ्यात पाने वेळेआधी वर येतात आणि नंतरच्या कडाक्यात किंवा चिखलात नासतात. म्हणून या लागवडीचे सर्व तंत्र एका प्रश्नाभोवती फिरते : पाणी केव्हा द्यावे याहून ते केव्हा बंद करावे. काचवाफ्याची काच ऊब देण्यासाठी नसून पाऊस अडविण्यासाठी असते, ही गोष्ट नवख्या बागवानाच्या सहसा लक्षात येत नाही. तो हिवाळ्यात काचा घट्ट बंद करतो आणि उन्हाळ्यात त्या काढून ठेवतो, म्हणजे नेमके उलट करतो.

फुलाची रचना : परिदले (पाकळ्यांसारखी दले) सहा असून बाहेरची तीन खाली झुकलेली व आतील तीन बहुधा उभी असतात. किंजलाच्या (स्त्रीकेसराच्या दांड्याच्या) तीन शाखाही पाकळ्यांसारख्या रुंद असतात व प्रत्येक शाखा एकेका बाह्य परिदलावर कमानीप्रमाणे वाकलेली असते. त्यामुळे एका फुलात तीन बोगदे तयार होतात. प्रत्येकात एक केसरदल (पुंकेसर) असते. मधमाशीसारख्या कीटकांना या बोगद्यांतूनच आत शिरावे लागते. फळ बोंड प्रकारचे असते.

प्रमुख गट : शैलोद्यानकारांच्या दृष्टीने तीन गट महत्त्वाचे आहेत. पहिला रेटिक्युलेटा गट. यातील कंदांवर जाळीदार तंतूंचे आवरण असते व त्यावरूनच गटाला नाव मिळाले आहे. झाडे जेमतेम १०–१५ सेंमी. उंच असून इंग्लंडमध्ये ती फेब्रुवारी–मार्चमध्ये, पुष्कळदा बर्फातून डोके वर काढून, फुलतात. पाने फुलांनंतर लांब होतात. आयरिस रेटिक्युलेटा (निळ्या-जांभळ्या फुलांची), उत्तर तुर्कस्तानातील आ. हिस्ट्रिऑइडिस व पिवळ्या फुलांची आ. डॅनफोर्डिई या जाती परिचित आहेत. शेवटच्या जातीत आतील तीन परिदले केसासारखी सूक्ष्म झालेली असतात. तिचा कंद फुलल्यानंतर अनेक बारीक कंदिकांत फुटतो व मग काही वर्षे फूल येत नाही. कंद १०–१५ सेंमी. खोल लावल्यास हे फुटणे कमी होते असा अनुभव आहे. जॉर्जियातील आ. विनोग्रॅडोवाय ही फिकट पिवळ्या फुलांची जाती या गटात असूनही वेगळ्या स्वभावाची आहे. ती ओल्या डोंगरी कुरणांत वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात तिला कोरडे ठेवल्यास ती मरते. एकाच गटातील दोन भावंडांपैकी एकास काचवाफा तारतो व दुसरीस मारतो. ब्रिटिश उद्यानकार ई. बी. अँडरसन यांनी आ. हिस्ट्रिऑइडिस व आ. विनोग्रॅडोवाय यांचा संकर केला. त्यातून १९६० मध्ये प्रथम फुललेला ‘कॅथरिन हॉजकिन’ हा निळसर-पिवळ्या, रेघारेघांच्या फुलांचा प्रकार मातापित्यांहून दणकट निघाला व आज तो सामान्य बागांतूनही आढळतो.

दुसरा गट जूनो. यात सु. ६० जाती असून बहुसंख्य मध्य आशिया, इराण, अफगाणिस्तान व तुर्कस्तान येथील आहेत, एकच जाती (आ. प्लॅनिफोलिया) भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागापर्यंत, स्पेन-पोर्तुगालमध्ये, पोहोचते. पन्हळीसारखी पाने मक्याच्या पानांप्रमाणे दोन रांगांत येतात आणि आतील परिदले लहान व आडवी किंवा खाली वळलेली असतात. गटाची खरी खूण जमिनीखाली आहे : कंदाच्या तळाशी जाड, मांसल मुळे असतात व ती सुप्तावस्थेतही जिवंत राहतात. त्यांत अन्न साठविलेले असल्यामुळे ती तुटली, तर झाड खुरटते व पुन्हा फुलण्यास वर्षे लागतात. बाजारातून मुळे मोडलेले जूनो कंद विकत घेणे हा पैशाचा अपव्यय होय. आ. पर्सिका या जातीचे चित्र विल्यम कर्टिस यांनी १७८७ मध्ये सुरू केलेल्या बोटॅनिकल मॅगझिन या नियतकालिकातील पहिलेच चित्र होते. नाव ‘इराणची’ असे असले, तरी ती प्रामुख्याने आग्नेय तुर्कस्तान, उत्तर सिरिया व इराक येथील आहे. त्या काळी लंडनमध्ये तिचे कंद हायसिंथप्रमाणे पाण्याच्या काचपात्रांत दिवाणखान्यात फुलवीत. ते फुलून गेले की टाकून देत, आणि पुढील वर्षी नवे येत. कोठून येत याची फारशी चौकशी कोणी केल्याचे दिसत नाही. आज ही जाती लागवडीत दुर्मिळ आहे. आ. बुखारिका व समरकंद परिसरातील आ. मॅग्निफिका या जाती मात्र पाण्याचा चांगला निचरा असलेल्या उघड्या वाफ्यातही येतात आणि जूनो गटाचा परिचय त्यांच्यापासूनच करून घ्यावा.

तिसरा व सर्वांत हट्टी गट ऑन्कोसायक्लस. यांना कंद नसून मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड) असते. एका दांड्यावर एकच मोठे फूल येते. त्याच्या बाहेरील दलांवर मखमली काळा ठिपका आणि सर्वत्र जांभळ्या, तपकिरी किंवा काळपट शिरांची व टिपक्यांची नक्षी असते. आ. पॅरॅडॉक्सामध्ये बाहेरील दले आखडून काळ्या मखमली जिभेएवढी होतात व आतील दले मात्र प्रचंड असतात. आ. आयबेरिका या नावातील आयबेरिया म्हणजे स्पेन-पोर्तुगालचे द्वीपकल्प नव्हे, तर जॉर्जियाचा प्राचीन काळचा एक भाग होय. या फुलांत मधुरस नसतो. संध्याकाळी यूसेरा वंशाच्या मधमाश्यांचे नर निवाऱ्यासाठी बोगद्यांत शिरतात, रात्र तेथे काढतात आणि त्यांच्या पाठीवरून परागाची ने-आण होते. गडद रंगाचे फूल सकाळच्या उन्हात लवकर तापते व आतील नराला इतरांआधी उडता येते, असे इझ्राएलमधील संशोधकांनी दाखविले आहे. बहुतेक जातींत स्वतःच्या परागाने बी धरत नाही. त्यामुळे बागेत एकाच मूळ झाडाचे अनेक तुकडे असले, तरी त्यांपासून बी मिळत नाही. इंग्लंडमध्ये मधमाश्यांवर विसंबून न राहता पराग कुंचल्याने किंवा चिमट्याने हलवावे लागतात.

शैलोद्यान : डोंगरी वनस्पतींसाठी दगडांची रचना करण्याची प्रथा यूरोपात अठराव्या शतकापासून असली, तरी शास्त्रशुद्ध शैलोद्यानांचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. लंडनजवळील क्यू येथील शैलोद्यान १८८२ मध्ये तयार झाले. रेजिनाल्ड फॅरर (१८८०–१९२०) यांच्या माय रॉक गार्डन (१९०७) व द इंग्लिश रॉक गार्डन (१९१९) या ग्रंथांनी या छंदास वाङ्‌मयीन प्रतिष्ठा दिली. पुढे अल्पाइन गार्डन सोसायटी (१९२९) व स्कॉटिश रॉक गार्डन क्लब (१९३३) या संस्था निघाल्या व बिया आणि अनुभव यांची देवाणघेवाण नियमित झाली.

शैलोद्यानात आयरिससाठी दक्षिणेकडे उतरणारी, दिवसभर ऊन मिळणारी जागा निवडतात. मोठे दगड केवळ शोभेसाठी नसतात : त्यांच्या दक्षिण बाजूस माती लवकर तापते आणि त्यांच्या खालच्या भागात मुळांना लागणारी थोडी ओल टिकते. तळाशी विटांचे तुकडे किंवा जाड खडी, त्यावर चिकणमातीयुक्त भुसभुशीत माती व तितकीच खडी-वाळू यांचे मिश्रण, आणि अगदी वर २–३ सेंमी. बारीक खडीचा थर देतात. या थरामुळे खोडाच्या गळ्याशी पाणी साचत नाही. चुनखडीयुक्त माती बहुतेक जातींना मानवते. रेटिक्युलेटा गटातील बऱ्याच जाती, काही जूनो व कणखर संकर अशा ठिकाणी टिकतात. मोठ्या झुडपाच्या मुळांनी उन्हाळ्यात माती कोरडी पडणारी कोपऱ्यातील जागाही कधीकधी चांगली निघते.

काचवाफा : ऑन्कोसायक्लस व अवघड जूनो जातींना एवढे पुरत नाही. त्यांच्यासाठी जमिनीपासून ३०–४५ सेंमी. उंच, विटांच्या किंवा लाकडी ओंडक्यांच्या भिंतींचा वाफा बांधून त्यावर काचेच्या तावदानांचे, उचलता येईल असे उतरते छप्पर करतात. बाजू उघड्या ठेवतात किंवा त्यांना फक्त जाळी लावतात, कारण कोंडलेली दमट हवा पावसाइतकीच घातक असते. वाफा उंच असल्यामुळे भोवतालच्या जमिनीतील पाणी आडवे झिरपून आत येत नाही. केवळ वरून काच घालून जमिनीलगत केलेले वाफे बहुधा याच कारणाने फसतात.

इंग्लंडमधील वर्षक्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये पहिले पाणी भरपूर देतात. ते तळापर्यंत पोहोचले पाहिजे, कारण मुळे खोलवर जातात. पाणी देण्यास फार लवकर सुरुवात केल्यास हिवाळ्यापूर्वीच पाने वर येतात, म्हणून ऑन्कोसायक्लसच्या बाबतीत पुष्कळ बागवान ऑक्टोबर उलटेपर्यंत थांबतात. हिवाळ्यात माती किंचित दमट राहील एवढेच पाणी देतात. काच वर असली, तरी कडाक्याच्या दिवसांखेरीज बाजूंनी वारा खेळत असतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत वाढ जोरात असते व त्या वेळी पाणी सढळ हाताने द्यावे लागते. कोरडेपणाच्या धास्तीने या काळातही हात आखडता घेणारे लोक कंद उपाशी ठेवतात आणि पुढील वर्षी फूल का आले नाही म्हणून नवल करतात. जूनोंच्या पन्हळी पानांच्या बेचक्यात पाणी साचून खोड कुजते, म्हणून पाणी वरून न शिंपडता झाडांच्या मधून सोडतात. खत नत्र कमी व पालाश अधिक असे देतात. फुले संपून पाने पिवळी पडू लागली की, मेअखेर किंवा जूनमध्ये, पाणी पूर्णपणे बंद करून सर्व काचा बसवितात व त्या शरद ऋतूपर्यंत काढीत नाहीत.

कित्येक संग्राहक कंद थेट वाफ्यात न लावता मातीच्या कुंड्यांत लावून त्या कुंड्या वाळूत गळ्यापर्यंत पुरतात. भोवतीच्या वाळूला पाणी दिले, की सच्छिद्र कुंडीतून ओल हळूहळू आत जाते आणि सुप्तावस्थेतील कंदही तापून अगदी सुकत नाहीत. प्रत्येक जातीचा पाण्याचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवता येतो, हा याचा मोठा फायदा. प्लॅस्टिकच्या कुंडीत हे साधत नाही. कुंडीतील माती एकदोन वर्षांनी बदलावी लागते व ते काम झाड सुप्त असताना, पहिल्या पाण्याच्या आधी, करतात. स्वीडनमधील गॉथनबर्ग वनस्पतिउद्यान अवघड कंदवनस्पतींच्या संग्रहासाठी प्रसिद्ध आहे, तर क्यू येथे २००६ मध्ये खुल्या झालेल्या डेव्हिस अल्पाइन हाउसमध्ये कुंड्यांतील झाडे फुलण्याच्या काळात आणून मांडतात.

बियांपासून वाढ : कंद विकत घेण्यापेक्षा बी पेरणे हा खात्रीचा, पण सावकाशीचा मार्ग आहे. ताजे बी शरद ऋतूत पेरून कुंड्या उघड्यावर थंडीत ठेवतात. रेटिक्युलेटाला फुलण्यास तीन ते पाच वर्षे व जूनोला त्याहून अधिक काळ लागतो. ऑन्कोसायक्लसच्या बीवर मोठे, पांढरे, मांसल अध्यावरण असते. या बिया एकदम रुजत नाहीत. एकाच कुंडीतील काही पहिल्या वर्षी, काही तिसऱ्या वर्षी, तर काही त्यानंतरही उगवतात. अवर्षणाच्या प्रदेशात ही दिरंगाई शहाणपणाची आहे, कारण एका वाईट वर्षात सगळी संतती नष्ट होत नाही. बागवानाला मात्र रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्या फेकण्याचा मोह आवरावा लागतो. बीचा गर्भ काढून निर्जंतुक पोषक माध्यमात वाढविण्याची पद्धती संकरजनिर्मितीत वापरली जाते. बीपासून वाढलेल्या झाडांना आणखी एक लाभ होतो : आयरिसवरील विषाणू सहसा बीमधून पुढे जात नाहीत.

रोग : मावा या किडीमुळे पसरणाऱ्या विषाणूंनी पानांवर पट्टे पडतात व झाड हळूहळू क्षीण होते, त्यावर उपाय नाही. अशी झाडे उपटून जाळणे कठोर वाटले, तरी तसे न केल्याने सबंध संग्रह गमावण्याची वेळ येते. रेटिक्युलेटा गटाच्या कंदांवर शाईचे डाग पडल्यासारखे काळे ठिपके उमटणारा कवकजन्य रोग होतो. रोगट कंद काढून टाकून उरलेले नव्या जागी लावतात. गोगलगाई कळ्या खातात. उरलेले बहुतेक मृत्यू रोगाने नव्हे, तर अवेळी पाण्याने होतात.

संग्रहाचा इतिहास व संरक्षण : आ. सुसियाना ही करड्या पार्श्वभूमीवर काळपट जाळी असलेल्या प्रचंड फुलाची ऑन्कोसायक्लस जाती १५७३ च्या सुमारास काँस्टँटिनोपलहून व्हिएन्नास आली. ती रानात कोठेही निश्चितपणे आढळलेली नाही. लेबाननमधील आ. सोफाराना या जातीशी तिचे निकटचे नाते दिसते. चार शतकांहून अधिक काळ ती केवळ मूलक्षोडाचे तुकडे करून जिवंत ठेवलेली आहे आणि प्रचारातील बराचसा साठा विषाणुग्रस्त आहे. केंब्रिज विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक असलेले सर मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) यांनी शेल्फर्ड येथील आपल्या बागेत आयरिसांचा पद्धतशीर अभ्यास केला. पश्चिम आशियातील मिशनरी त्यांना मूलक्षोडे पाठवीत, आ. गेटसिई हे नाव तुर्कस्तानातील मार्दिन येथील अशाच एका अमेरिकन मिशनऱ्यावरून पडले आहे. त्यांची टिपणे पुढे डब्ल्यू. आर. डाइक्स यांना द जीनस आयरिस (१९१३) या ग्रंथासाठी उपयोगी पडली. हॉलंडमधील हार्लेम येथील व्हान ट्यूबर्गेन या पेढीने मध्य आशियातील रेजेलिया गटाशी ऑन्कोसायक्लसचा संकर करून अधिक सोशिक प्रकार तयार केले. लागवडीतील अवघड फूल सोपे करण्याचा हा मार्ग होता. परंतु त्याच काळात रानातून उपटलेल्या कंदांचा व्यापारही चालू होता, व त्यांतील फार थोडे तिसरा वसंत पाहत.

मूळ ठिकाणी या जातींना आता कंद उपटणाऱ्यांपेक्षा बांधकाम, शेती व चराई यांचा धोका अधिक आहे. ऑन्कोसायक्लस जातींचे क्षेत्र बहुधा लहान असते. एखादी टेकडी खणली गेली तरी लोकसंख्येचा मोठा भाग जातो. इझ्राएलच्या किनाऱ्यावरील वाळूत वाढणारी, जवळजवळ काळ्या फुलांची आ. ॲट्रोपर्प्यूरिया दाट वस्तीच्या पट्ट्यात सापडली असून नेतान्या शहराजवळ तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. गिल्बोआ पर्वतावरील आ. हायनिआय पाहण्यासाठी वसंतात लोक मुद्दाम जातात. जॉर्डनने आ. निग्रिकान्स हे काळे आयरिस राष्ट्रीय फूल मानले आहे. आ. विनोग्रॅडोवाय जॉर्जियातील मोजक्या डोंगरांवरच आहे. बागांतील तिची झाडे रानातील संख्येच्या मानाने नगण्य नाहीत. म्हणून वनस्पतिउद्याने झाडाबरोबर ते नेमके कोणत्या स्थळाहून आले याची नोंद ठेवतात, कारण स्थळाची नोंद नसलेले झाड पुन्हा रानात लावण्यास निरुपयोगी ठरते.

भारत : हिमालयात आ. केमाओनेन्सिस, आ. हूकेरियाना, आ. मायलेसिआय, आ. डेकोरा इ. जाती असून लडाखच्या कोरड्या खोऱ्यांत आ. लॅक्टिया आढळते. काश्मीरमध्ये आयरिस कबरींवर लावण्याची जुनी प्रथा आहे. मध्य व पूर्व हिमालयातील जातींचे ऋतुचक्र वर वर्णिलेल्या जातींच्या उलट असते : त्या उन्हाळी पावसात वाढतात व हिवाळ्यात बर्फाखाली सुप्त राहतात. त्यांना काचवाफ्यात घालून उन्हाळ्यात कोरडे ठेवल्यास त्या जगत नाहीत. शैलोद्यानातील ओलसर, निचऱ्याची जागा त्यांना मानवते. महाराष्ट्रात पश्चिम आशियाई जातींची लागवड साधण्यासारखी नाही. येथील पावसाळा नेमका त्यांच्या शुष्क विश्रांतीच्या महिन्यांत, आणि तोही उबदार हवेत, येतो. काच घालून पाऊस अडविला तरी फुलाची कळी तयार होण्यास लागणारी हिवाळी थंडी मिळत नाही. महाबळेश्वरची हवा थंड असली, तरी तेथील पाऊस या वनस्पतींना सर्वांत प्रतिकूल आहे. उष्ण हवेत सहज येणारी या प्रजातीतील एक वनस्पती म्हणजे नारिंगी, ठिपकेदार फुलांची आ. डोमेस्टिका. पूर्वी तिला बेलामकँडा या स्वतंत्र प्रजातीत घालीत; रेणवीय पुराव्यावरून २००५ मध्ये तिचा समावेश आयरिसमध्ये करण्यात आला. तिच्या बोंडातील चकचकीत काळ्या बिया बोंड उकलल्यावरही पुष्कळ दिवस ब्लॅकबेरीच्या घोसाप्रमाणे चिकटून राहतात.